पाच मिनिटांची पट्टी

डोळ्यांच्या इस्पितळाच्या तळघरात लाँड्री होती. तिथे बावीस वर्षं चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. अकरा वर्षांपासून त्यांना साखरेचा त्रास होता, आणि अलीकडे डोळ्यांत वाळू गेल्यासारखी खरखर. वाफेमुळे होत असेल, असं धरून त्या गप्प राहिल्या. तक्रार करायलाही अंगात जीव लागतो.

एकदा वरच्या प्रयोगशाळेतली मुलगी खाली आली. अभ्यासासाठी तिला मधुमेह असलेली, पण डोळ्यांचा पडदा अजून स्वच्छ असलेली माणसं हवी होती.

"मावशी, थोडं डोळ्यांतलं पाणी द्याल?"

"अगं, रडायला सवड कुठाय मला!"

"रडायचं नाही हो. नुसतं बसायचं. पाच मिनिटं."

बसायचं म्हटल्यावर मावशी लगेच तयार झाल्या.

मुलीने दोन्ही खालच्या पापण्यांत कागदाची एकेक बारीक पट्टी अडकवली आणि डोळे मिटायला सांगितले. पाच मिनिटांत मावशी घोरायला लागल्या. पट्ट्या काढल्या तेव्हा त्या जेमतेम ओलावल्या होत्या.

दीड महिन्याने डॉक्टरांनी त्यांना बोलावलं.

"पडदा ठीक आहे. पण तुमच्या आसवांत सूज दाखवणारी काही प्रथिनं जास्त आहेत. अभ्यास चालू आहे, त्यामुळे ठाम सांगता येत नाही. गोळ्या वेळेवर घेता ना?"

मावशींनी मान खाली घातली. "दुपारची नाही घेत. गोळी घेतली आणि जेवायला उशीर झाला, की चक्कर येते. समोर तापलेलं यंत्र. हात भाजला म्हणजे?"

"कधीपासून?"

"झाली असतील तीन वर्षं."

डॉक्टर रागावले नाहीत. रक्त तपासलं तर साखर बरीच चढलेली. त्यांनी गोळी बदलली, खरखरीसाठी थेंब दिले, जेवणाची वेळ चुकवू नये म्हणून मुकादमाला चिठ्ठी लिहिली, आणि वर्षाऐवजी दर चार महिन्यांनी पडदा तपासायला यायला सांगितलं. मुकादम कुरकुरला, पण त्याने वेळेवर जेवायची सुट्टी दिली.

घरी नवरा म्हणाला, "स्पष्ट दिसतंय ना? मग कशाला खेटे घालतेस?"

"तू जेव," एवढंच मावशी म्हणाल्या. त्यांना वाद घालायचा नव्हता.

खेटे मात्र त्यांनी चुकवले नाहीत. तिसऱ्या खेपेला उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या फोटोत रक्ताचे दोन लाल ठिपके दिसले, साखरेने पडदा बिघडायला लागल्याची खूण. जिन्यातच त्या मटकन बसल्या.

"एवढं सगळं करून शेवटी हेच?"

मुलगी शेजारी टेकली. "केलं म्हणून दोनच असतील, मावशी. नक्की मलाही सांगता येणार नाही. पण वेळेवर कळलं, हे खरं."

 मावशी कठड्याला धरून उठल्या. खाली ओल्या चादरींची गाडी येऊन थांबली होती.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. ठिपके तेवढेच आहेत, नजर शाबूत आहे. साखर कधी ऐकते, कधी नाही. थकवा गेलेला नाही, आणि तो जाईल असं मावशींना कुणी सांगितलंही नव्हतं.