कात्री मागायची राहिली

मास्तर गेल्याचा निरोप आमच्या चामटोलीत शेजारच्या किराणा दुकानातल्या फोनवर आला. सकाळी भाकऱ्या थापत होते, तशीच पिठाच्या हातांनी धावले. पलीकडून कारखान्याचे शेठ बोलत होते, "बाई, मास्टर गया." आणि माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "खुद कुछ कर लिया?" शेठ म्हणाले, "नहीं बाई. हार्ट. कल शाम पानी भरते-भरते बैठ गया, फिर उठा ही नहीं." रडू यायचं सोडून मला मेलीला आधी चौकशी सुचली. पुढे महिनाभर तोच प्रश्न ज्याने त्याने विचारला, आणि मी एकेकाच्या अंगावर धावून गेले. नाही हो, जीव नाही दिला त्यांनी! जीव सांभाळायलाच तर त्यांचा सगळा जन्म गेला. पण तो प्रश्न सगळ्यांच्या आधी मीच विचारला होता, हे कुणाला सांगणार…

गायकवाड मास्तर उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मास्तर होते. मी तिथे ऐंशीच्या सुमारास काज-बटणाला लागले. पहिल्याच दिवशी शेठनी कानात सांगितलं, "मास्टर थोडा चर्या है, लेकिन हाथ में सोना है." चर्या म्हणजे त्यांच्या सिंधीत वेडा. मला तर हा माणूस कारखान्यातला सगळ्यात शहाणा वाटला. हेंद्रेपाड्याहून रोज वेळेवर येणार, आल्या आल्या सगळ्यांना जयभीम घालणार, डबा खाऊन झाला की गोळी घेणार आणि वर तांब्याभर पाणी पिणार. ठाण्याच्या डॉक्टरांनी लिथियम चालू केलं होतं, ठरावीक महिन्यांनी रक्त तपासायला जावं लागे. त्या गोळ्यांनी हात थरथरायचे. कटिंग मास्तरचे हात थरथरले तर त्याने करायचं काय? मास्तर डावं मनगट कापडावर दाबून धरत, लोखंडी पट्टी लावून खडूची रेघ ओढत आणि मगच कात्री घालत. त्यांच्या रेघेत कुणी केसाएवढी चूक दाखवावी!

आजाराला तेव्हा आम्ही 'मूडचं दुखणं' म्हणत असू. वर्षातून एखादा महिना असा यायचा की मास्तर खाली जायचे. दाढी वाढलेली, डोळे विझलेले, कुणी हाक मारली तर उत्तर यायला वेळ लागायचा. तरी कामावर यायचे. त्या दिवसांत शेठ न बोलता त्यांना नंबरिंगला बसवत, म्हणजे कापलेल्या तुकड्यांवर मापाच्या चिठ्ठ्या लावायच्या. एकदा मी न राहवून विचारलं, "मास्तर, घरी पडून का राहत नाही हो?" बऱ्याच वेळाने म्हणाले, "घरी पडलो तर पडूनच राहीन, बाई…"

याच्या उलट, कधी कधी गोळ्या चालू असूनही त्यांचा मूड भलताच वर चढायचा. एका दुपारी डबा खाताना त्यांनी माझ्याशी करारच केला. "शालूबाई, तुमची नजर तिखट आहे. मी शीळ घालायला लागलो, पट्टी न लावता रेघा ओढायला लागलो, की माझ्याकडे कात्री मागायची. मी भांडेन, वाट्टेल ते बोलेन. तरी मागायची. मी देईन आणि सरळ डॉक्टरांकडे जाईन."

"मीच का? वहिनींना सांगा की."

"घरच्यांवर मी ओरडतो. तुम्हाला घाबरतो," असं म्हणून हसले. मग हसू आवरून म्हणाले, "हे कटिंगचं टेबल गेलं ना, तर मी गेलो."

पुढच्या काही वर्षांत मी दोनदा कात्री मागितली. एकदा तर त्यांनी मला काय काय ऐकवलं, लिहिण्यासारखं नाही. पण कात्री दिली. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि थोड्या दिवसांत मास्तर टेबलावर परत. बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही.

तिसऱ्यांदा मात्र…

मे महिना होता, शाळांचा सीझन. मला कटिंग शिकायचं होतं. जन्मभर काय काज-बटणंच करायची? मास्तरांना किती वर्षं विनवत होते, पण एरवी ते कात्रीला हात लावू देत नसत. त्या सोमवारी मी शिरले तर मास्तर शीळ घालत होते. मला बघून म्हणाले, "या बाई, आज तुम्हाला शिकवतो!" आणि शिकवलं की हो! फर्मा, म्हणजे मापाचा पुठ्ठा, कसा बसवायचा, कापड कुठे वाचवायचं, कात्रीचं खालचं पातं टेबलावरून कसं सरकवायचं. एवढं मोकळं शिकवणं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. सगळ्यांना चहा, सगळ्यांशी थट्टा. पट्टी कोपऱ्यात पडून होती. शेठ खूश, कारण माल दुप्पट निघत होता. मी रोज ठरवायचे, उद्या मागते. उद्या खिसे शिकवणार होते, परवा पट्टा…

आठव्या दिवशी त्यांनी दिवसभरात खाकीचे तागेच्या तागे कापले. कापड पसरताना दुसरं टोक मीच धरलं होतं. खाकीला उलटी-सुलटी बाजू असते. एक थर उलटा, एक सुलटा टाकला तरच चड्डीचा एक पाय डावा आणि एक उजवा निघतो. त्यांनी सगळे थर सुलटेच टाकले. दुसऱ्या दिवशी शिवायला घेतलं, तर सगळे पाय डावे. उजवा एकही नाही. मशीनवरच्या बायका आधी हसल्या. शेठ काही हसले नाहीत. मास्तर टेबलावर चढून ओरडू लागले, आणि शेवटी त्यांच्या भावाने येऊन त्यांना इस्पितळात नेलं.

शाळा सुरू व्हायच्या बेतात, दुसरा मास्तर मिळेना. "बाई, तू सीखी है ना?" शेठनी विचारलं. मी हो म्हटलं. दोन महिन्यांनी मास्तर परत आले, तेव्हा टेबलावर मी होते. शेठनी त्यांना काढलं नाही, पण कात्रीही पुन्हा दिली नाही. मी कापायचे आणि माझ्या पाठीमागे बसून मास्तर चिठ्ठ्या लावायचे. थोडीथोडकी नाही, वर्षानुवर्षं. आल्या आल्या एकदाच त्यांनी विचारलं, "बाई, त्या वेळी तुम्हाला काही जाणवलं नाही का हो?"

"नाही हो मास्तर. कामाच्या धबडग्यात लक्षातच आलं नाही."

त्यांनी मान डोलावली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

मास्तर गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मी हेंद्रेपाड्याला गेले. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, बायका पांगल्या. मास्तरांच्या सुमनवहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. कपाटाच्या दाराला कॅलेंडर होतं. रोजच्या चौकोनात पेन्सिलीच्या दोन बारीक रेघा, दुपारच्या गोळीची एक आणि रात्रीची एक. शेवटच्या चौकोनात एकच होती. पट्टी लावून ओढल्यासारखी सरळ.

"लिहा त्यांच्यावर," वहिनी म्हणाल्या. "नाव घालून, आजारासकट लिहा. लपवण्यासारखं काय केलं त्यांनी?" मग म्हणाल्या, "त्या चड्ड्यांच्या वेळी मी त्यांना कितीदा म्हटलं, बाईंना कळलं असणारच. तर माझ्यावरच खेकसायचे. म्हणायचे, शालूबाई खोटं बोलायच्या नाहीत. त्यांना दिसलं असतं तर त्यांनी कात्री मागितली असती."

मी त्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

वहिनी, तुम्ही हे वाचाल. तुमचंच बरोबर होतं. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं.