पाण्याच्या दिवशी तो बसला

निवृत्त झालेला कुत्रा घरी आणायचा, हे नवऱ्यानं मला विचारून ठरवलं नव्हतं. पडेगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते. शिलाई मशीनशेजारच्या चिंध्यांच्या टोपलीत माझी मांजर नुकतीच व्याली होती. तीन पिल्लं, एकाचेही डोळे उघडले नव्हते. आणि एका संध्याकाळी दारात हा काळा लॅब्रडॉर उभा. मागं नवरा, गणवेशातच.

माझा नवरा पोलिसांच्या श्वानपथकात आहे. हा कुत्रा पिल्लू असल्यापासून त्याच्या हाताखाली वाढला. रेल्वे स्टेशन, गणपतीचे मांडव, वेरूळला कोणी मोठे पाहुणे आले की लेण्यांचा परिसर, सगळीकडं स्फोटकं हुंगत फिरला. आता मागचे पाय दुखायला लागले होते म्हणून त्याला सेवेतून काढलं.

"अहो, आत पिल्लं आहेत," मी दार अडवून म्हटलं.

"त्याला मांजर दिसतच नाय असं समज," नवरा म्हणाला. "ट्रेनिंगमध्ये ह्यांच्या नाकासमोरून मांजरं सोडतात, कोंबड्या सोडतात, मटणाचा तुकडा टाकतात. हललं की नापास. हा एकदाही हलला नाय."

कुत्रा आत आला. दोन्ही खोल्या हुंगल्या, गॅसची टाकी, पाण्याचे ड्रम, माझी कापडांची गाठोडी. टोपलीपाशी आला तेव्हा मांजर पाठीची कमान करून फिस्कारली. त्यानं टोपलीही कडेकडेनं हुंगली आणि पुढं गेला. मी मात्र कात्री हातात घट्ट धरून उभी होते.

त्यानंतरचे दिवस घरात कोणालाच चैन नव्हतं. सकाळी नवरा बूट चढवायला लागला की कुत्रा दाराशी जाऊन उभा राहायचा, तयार. नवरा त्याच्या डोक्यावर हात ठेवून एकटाच निघायचा. मग हा दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायचा. नखांचा टकटक आवाज दिवसभर. माझी टीप वाकडी जायची. रागावले तर खाली बसायचा, पण कान दाराकडं. दुपारी भाकरी कुस्करून दूध घालून द्यायची तर अर्धी तशीच.

नवऱ्याला आता नवा कुत्रा मिळाला होता, वर्षा-दीड वर्षाचा. संध्याकाळी नवरा घरी आला की आमचा म्हातारा कुत्रा दाराशी जायचा, त्याची पँट गुडघ्यापासून खालपर्यंत हुंगायचा आणि तोंड फिरवून कोपऱ्यात जाऊन पडायचा. नवरा जेवताना घास हातात धरून त्याच्याकडं बघत राहायचा.

मांजरीचं तर काही विचारू नका. ती एका जागी ठरेना. पिल्लं मानेला धरून आधी कपाटावर नेली, तिथून मोरीच्या फळीवर, तिथून पलंगाखाली. एक दिवस बाहेर गेली ती पिल्लांसकट दिसेनाशी झाली. जेवायला तेवढी यायची, पोट भरलं की पसार. कुत्र्यामुळंच गेली म्हणून मी नवऱ्याशी दोन दिवस धड बोलले नाही.

मग पाण्याचा दिवस आला. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. बऱ्याच दिवसांनी येतं, आणि आलं की हातातलं काम टाकून मोटार लावायची, नाहीतर पुन्हा टँकरच्या मागं लागा. मोटारीचं बटण जिन्याखाली, विजेच्या मीटरशेजारी. जुनं झालेलं, दाबलं की आतून निळी ठिणगी उडायची. मालकाला कितीदा सांगितलं होतं.

मेमधली दुपार. गल्लीत "पाणी आलं, पाणी आलं" झालं. मी पायात चप्पल सरकवून जिन्याकडं धावले. कुत्रा माझ्याआधी बाहेर पडला होता. जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत तोंड घालून तो एकदम थांबला आणि खाली बसला. बरोबर माझ्या आणि बटणाच्या मध्ये.

"सरक रे," मी म्हटलं. सरकला नाही. पट्टा धरून ओढला, तर दगडासारखा. तेवढ्यात आतून फिस्कारल्याचा आवाज आला. डोळ्यांना अंधार सरावला तसं दिसलं. वरच्या भाडेकरूनं तिथं एक गोणी ठेवली होती. त्या गोणीवर माझी मांजर, आणि तिच्या पोटाशी तिन्ही पिल्लं.

एवढे दिवस ह्यानं सोंग केलं आणि आता पिल्लांवर टपून बसला, हेच मनात आलं. मांजरीनं पुढं झेप घेऊन त्याच्या नाकावर पंजा मारला. रक्ताचा थेंब आला. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही, मागंही सरला नाही. नजर गोणीवर. मांजरीनं परत मारला. त्यानं फक्त डोळे मिटले आणि उघडले.

मी नवऱ्याला फोन लावला. तो त्या दिवशी स्टेशनवर ड्यूटीला होता.

"तुमचा कुत्रा पिल्लांवर बसलाय टपून. जागचा हलत नाय. इकडं पाणी चाललंय, मला मोटार लावायचीय. काय म्हणायचं असतं त्याला उठवायला?"

"टपून म्हणजे? बसलाय का उभा आहे?"

"बसलाय."

"भुंकतोय?"

"नाय हो. मांजर नाकावर मारतीय तरी गप आहे."

पलीकडं स्टेशनची घोषणा ऐकू येत होती. नवऱ्याचा आवाज एकदम खाली आला.

"मोटारीला हात लावलास?"

"अजून नाय."

"लावू नको. कशालाच हात लावू नको. चप्पलसुद्धा घासू नको तिथं. तशीच गल्लीत जा, वरच्यांना हाक मारून खाली घे. मी निघालो."

"अहो, पाणी जाईल."

"पाणी गेलं खड्ड्यात! तू बाहेर हो आधी."

"आणि मांजर? हा?"

"तो माझ्याशिवाय उठायचा नाय," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला.

मी बाहेर आले. वरच्या बाईला हाका मारून लेकरासकट खाली घेतलं. शेजारच्या खाला, सगळ्या गल्लीच्या मावशी, आपल्या दारात पाण्याचा पाइप धरून उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी पाइप टाकला.

"क्या हुआ बेटा? कुत्ता चावला का?"

"नाय खाला. जिन्याखालच्या गोणीत काहीतरी आहे."

त्यांनी आम्हा दोघींना घरात घेतलं, पाणी दिलं. मला बसवेना. उठून खिडकीशी जायची, परत बसायची, परत उठायची. खिडकीतून जिन्याचा कोपरा आणि कुत्र्याची शेपटी एवढंच दिसत होतं. मी त्या शेपटीवरनं नजर काढली नाही. ऊन तापलेलं, जिन्यावर पत्रा. नळाचं पाणी रस्त्यावर वाहून चाललं होतं आणि पहिल्यांदाच मला त्याचं काही वाटत नव्हतं.

"काय आहे तरी गोणीत?" खालांनी वरच्या बाईला विचारलं.

ती रडवेली झाली. "दिराच्या लग्नाचे फटाके आहेत हो. वरातीसाठी आणलेत. घरात लहान लेकरू आहे म्हणून खाली ठेवले."

पथकाची गाडी आली. नवरा उडी मारून उतरला, सोबत दोन सहकारी, गाडीत तो नवा कुत्रा. एकानं खांबावरची वीज बंद करायला लावली. नवरा जिन्याशी गेला, वाकला. मला आता राहवलं नाही, मीही गल्लीच्या कडेनं पुढं गेले.

म्हाताऱ्यानं मान न वळवता शेपटी हलवली. नाकावरचं रक्त वाळलं होतं.

"शाब्बास," नवरा म्हणाला. खिशातून रबरी चेंडू काढून त्यानं लांब टाकला. स्फोटकाचा वास आला की भुंकायचं नाही, गप खाली बसायचं, हीच ह्यांची खूण, आणि ती बरोबर दिली की पथकातल्या कुत्र्यांना हेच बक्षीस. म्हातारा दुखरे पाय विसरून त्याच्यामागं पळाला. घरी आल्यापासून मी त्याला पळताना बघितलं नव्हतं. गाडीतला तरणा कुत्रा काचेला नाक लावून बघत होता.

पिल्लं काढायला मीच पुढं झाले. मांजरीनं मलाही ओरबाडलं. ओढणीत तिन्ही पिल्लं गुंडाळून घरात आणली, मागोमाग ती ओरडत आली. गोणीत सुतळी बॉम्ब, लांबलचक माळा आणि कसल्या कसल्या नळ्या निघाल्या. एका कोपऱ्यात गोणी फाटून दारू खाली सांडली होती, ठिणगी उडायच्या बटणाच्या अगदी खाली. सहकाऱ्यांनी सगळं उचलून नेलं. वरचा भाडेकरू संध्याकाळी आला तेव्हा नवऱ्यानं त्याला काय सुनावलं ते गल्लीनं ऐकलं. मालकानं दुसऱ्याच दिवशी बटण बदललं.

कुत्र्याच्या नाकाला मी हळद लावली. त्यानं लावून घेतली. मांजर टोपलीतनं डोळे वटारून आमच्याकडं बघत होती. त्या दिवसानंतर तिनं पिल्लं हलवली नाहीत. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. जाता-येता ती त्याला एक फटका द्यायचीच, आणि तो मान वळवून घ्यायचा. पण पिल्लांचे डोळे उघडले, पाय फुटले, तसं त्यांना आईचा धाक कुठला? पिल्लं त्याच्या पोटाखालून पळायची, कान चावायची. तो एखाद्या हवालदारासारखा सरळ बसून सहन करायचा.

त्याच्या फेऱ्या थांबल्या नाहीत. मग मीच चेंडू लपवायला लागले, कधी गाठोड्यात, कधी ड्रममागं. तो शोधायचा, बसायचा, माझ्याकडं बघायचा. तेवढा वेळ त्याला बरं वाटायचं, मलाही.

आता त्याला फार चालवत नाही. संध्याकाळी मी त्याला गल्लीच्या टोकापर्यंत नेते. वाटेत तो मधूनच खाली बसतो. दमला असेल, पाय दुखत असतील, हे मला कळतं. तरी माझी पावलं थांबतात. कोणाची स्कूटर उभी आहे, कोणाच्या ओट्यावर कसलं पोतं आहे, मी बघत राहते. तो आपला आपण उठला की आम्ही पुढं जातो.