मोगराबाईंपाशी अडलेली रांग

रूपा मूळची धरणगावची. शाळेत असताना सायकलची चेन पडली तर ती बसवल्याशिवाय घरी जायची नाही. सायकल दुसऱ्याची असली तरी. या स्वभावासकट ती अमळनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली आणि जळगावात आमच्या संस्थेत लागली.

संस्था लहान. खेडोपाडी शेळ्यांना लस टोचायची शिबिरं भरवते. शिबिराच्या आदल्या दिवशी शेळीवाल्यांना मेसेज पाठवणारी वेबसाइट रूपाने लॅराव्हेल नावाच्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, एकटीने बांधली. हे मेसेज सगळे एकदम जात नाहीत. सर्व्हरवर त्यांची रांग लागते आणि ‘वर्कर’ नावाचा पडद्यामागचा प्रोग्राम एकेक उचलून मोबाइलवर पोचवणाऱ्या कंपनीकडे देतो. रूपा या वर्करबद्दल इतक्या मायेने बोलायची, की नव्या माणसाला वाटावं, चहालाही न उठणारा कोणी गरीब कारकून असेल.

मार्चमध्ये हा कारकून मध्येच बसला. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला अडतीस घरांचा एक पाडा आहे. तिथे लसीची गाडी गेली तर पाचच घरच्या शेळ्या हजर. रांगेत त्यामागे असलेल्या गावांना आम्ही घाईघाईने फोन करून कसंबसं निभावलं. पाड्यावर मात्र पुढच्या महिन्यात रोग आला आणि मोगराबाई नावाच्या बाईंची चार करडं गेली. रूपाने ते नाव कागदावर लिहून कॉम्प्युटरला चिकटवलं.

पुढची गाडी जूनमधल्या गुरुवारी होती. संस्थेचे सचिव रुपचंदभाऊ सुपारी कातरत शांतपणे म्हणाले, की या खेपेलाही मेसेज गेले नाहीत तर वेबसाइट बंद, आपला दवंडीवाला बरा.

सोमवारी रूपा बसली. तिच्या लॅपटॉपवर सगळं सुरळीत चालायचं, कारण तिथे मेसेज खरे जातच नसत, नुसते फाइलमध्ये लिहिले जात. लॅपटॉपपुरत्या तालुक्यातल्या झाडून सगळ्या शेळ्या निरोगी होत्या. मग तिने सर्व्हरवरची मार्चची नोंद उघडली. तिच्यात शेवटी एकच ओळ शेकडो वेळा होती: मोगराबाई, पुन्हा प्रयत्न. वर्कर बंद करून चालू केला, तरी तो मुकाट्याने पुन्हा मोगराबाईंपाशीच जाऊन उभा राहिलेला.

नंबर पाहिले तर अडतीस घरांचा मोबाइल नंबर एकच. रुपचंदभाऊंनी लगेच निकाल दिला: नावं भरणाऱ्याने आळस केलाय, एक ठेव, सदतीस खोडून टाक. रूपाने खोडलं नाही. तिने तो नंबर लावला.

फोन उचलला रोहिदास नावाच्या माणसाने. त्याचं घर टेकडीवर. तो म्हणाला, “ताई, पाडाम्हा रेंज फक्त मना दारशे येस. म्हनीसन बठ्ठासनी मनाच नंबर दिन्हा शे. मेसेज उना म्हंजे मी वरतून हाक मारस.”

म्हणजे सगळ्या पाड्याने त्याचाच नंबर दिलेला. रूपाने तिच्या धरणगावी अहिराणीत विचारलं, मग मार्चमध्ये पाचच घरांना हाक का मारली?

“ज्यानं नाव उनं, त्याले मारी. बाकीसनं नाव उनंच नही.”

माणूस चोख होता. तिकडे मेसेज कंपनीचा नियम, एका नंबराला दिवसात पाचच मेसेज. सहावा मोगराबाईंचा, तो नाकारला. आणि नाकारला तर काय करायचं, ते रूपानेच लिहून ठेवलं होतं: मिनिटभर थांब, पुन्हा पाठव, जाईपर्यंत हटू नकोस. वर्कर हटला नाही. त्याच्यामागे सात गावं ताटकळली.

ती ओळ तिने वाचून दाखवली तेव्हा रुपचंदभाऊंचा अडकित्ता थांबला. “प्रोग्राम तुझ्यावर गेलाय, रूपा,” ते म्हणाले.

मंगळवारी तिने दोन गोष्टी बदलल्या. एका नंबराला एकच मेसेज, त्यात सगळ्या घरांची नावं. आणि तीन वेळा नकार आला की मेसेजने बाजूच्या यादीत जाऊन बसायचं, मागच्यांना वाट द्यायची. मग स्वतःच्या नंबरावर अडतीस खोटी घरं नोंदवून तिने खरोखरचा मेसेज पाठवून पाहिला. एकच आला. तरी तिने तो आणखी चारदा पाठवला.

बुधवारी सकाळी अकराला रांग सुटली. वर्कर रोहिदासच्या नंबराशी आला आणि न अडता पुढे सरकला. सव्वाअकराला रांग रिकामी. बाजूच्या यादीत दोन चुकीचे नंबर उरले. त्या घरांचा ठावठिकाणा तिने जेवण्याआधी फोन करकरून काढला.

गुरुवारी दुपारी रोहिदासने फोटो पाठवला. अडतीसही घरच्या शेळ्या त्याच्या अंगणात, टेकडीवर. पुढे दोन शेळ्यांच्या गळ्यात हात टाकून मोगराबाई, आणि मागे बर्फाची पेटी डोक्यावर घेऊन चढ चढणारे घामाघूम डॉक्टर. गाडी खाली शाळेपाशी उभी होती. अडतीस नावं मावावीत म्हणून रूपाने मेसेजमधून जागेचं नाव काढलं होतं, आणि पाड्याने सोयीचा अर्थ लावला होता: जिथून हाक येते तिथे जायचं.

शेळ्या मात्र सगळ्या टोचल्या गेल्या. रूपाने मोगराबाईंच्या नावाचा कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूला ‘शाळेपाशी’ असं लिहिलं, तो पुन्हा चिकटवला आणि प्रोग्रामची फाइल उघडली.