दुसऱ्या जात्याच्या मुळेबाई

समोरचा माणूस मूर्खपणाचं बोलू लागला की मुळेबाई चष्मा काढून टेबलावर ठेवत. शिक्षकांच्या खोलीत मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचे डोळे दुखतायत. मी चौकशी केली, तर म्हणाल्या, "डोळ्याला काय धाड भरलीय? माणूस दिसंना झालं की ऐकायला सोपं जातंय." तेव्हा समोर मीच बोलत होतो, हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

परभणीतल्या एका शिक्षणसंस्थेच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्या गणित शिकवायच्या आणि मी भौतिकशास्त्र. त्यांचे वडील येलदरी धरणाच्या वीजघरात नोकरीला होते. लहानपण धरणावर गेल्यामुळे असेल, यंत्र पाहून भारावून जाणं त्यांना ठाऊकच नव्हतं. कॉम्प्युटर हा शब्द आमच्या गावात लोक देवाचं नाव घेतल्यासारखा उच्चारायचे, त्या काळात बाई सुट्टीत हैदराबादला जाऊन तो शिकून आल्या होत्या. परत आल्यावर मी प्रोसेसरला कॉम्प्युटरचा मेंदू म्हणालो, तर लगेच चष्मा उतरला. "मेंदू म्हणू नका, सर. त्याला कायबी समजत न्हाई. जातं हाय ते. वरून दाणे टाका, खालून पीठ घ्या."

नव्वदीची दोनतीन वर्षं उलटली असतील. संस्थेनं कॉम्प्युटरची प्रयोगशाळा काढायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे सचिव बापूसाहेबांनी ठरवलं. बापूसाहेब झरीचे मोठे जमीनदार. उसातलं आणि माणसांतलं त्यांना सगळं कळायचं, त्यामुळे उरलेलंही कळतं असा त्यांचा समज झालेला. औरंगाबादहून टाय लावलेला एक विक्रेता त्यांच्याकडे खेपा घालू लागला. जगातल्या सगळ्यात मोठ्या कंपनीचा प्रोसेसर असलेली मशीनं तो विकायचा.

बाईंनी वेगळंच सुचवलं. तसाच प्रोसेसर बनवणारी एक धाकटी कंपनी होती. आधी ती मोठ्या कंपनीच्याच परवान्यानं माल बनवायची. पुढं दोघींचं फाटलं आणि प्रकरण अमेरिकेतल्या कोर्टात गेलं. धाकटीचा धंदा डबघाईला आलाय, असं सगळे म्हणत. पण तिचा प्रोसेसर स्वस्त होता, आणि मोठीची दहा मशीनं जेवढ्यात येत तेवढ्यात तिची पंधरा येत. बाईंचा सगळा जीव त्या वरच्या पाचात होता. मशीनं कमी आली की ती मुलांच्या वाट्याला जाणार आणि मुली पाठीमागं उभ्या राहून बघणार, हे त्यांना पक्कं माहीत होतं. सायन्सच्या प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं तेच चाललं होतं आणि त्याला आम्ही शिस्त म्हणायचो.

खरेदी समितीच्या बैठकीत विक्रेता गोड हसून म्हणाला, "मॅडम, ती डुप्लिकेट कंपनी आहे. दोन वर्षांत बुडेल. मग दुरुस्तीला कुणाकडे जाणार तुम्ही?"

"कुळानं जमीन कसली, पीक काढलं, आता जहागीरदार म्हणतोय बियाणं माझं होतं," बाई म्हणाल्या. "बुडंल का तरंल ते मला ठाऊक न्हाई. पण पीठ कुठलं बारीक येतंय ते बघून घेऊ की."

त्यांनी खरोखरच ते दाखवायचा घाट घातला. नांदेडच्या एका व्यापाऱ्याकडून धाकटीचं एक मशीन मागवलं, शेजारी विक्रेत्याचं मशीन मांडलं आणि दोन्हींवर जिथं जिथं नाव होतं तिथं तिथं जुनं वर्तमानपत्र चिकटवलं. समितीसमोर दोन्ही मशीनना एकच काम दिलं, ते म्हणजे सबंध महाविद्यालयाचा निकाल लावायचा. समितीचे सदस्य मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. त्यातल्या एकाचं घड्याळ बंद होतं, पण तोही गंभीरपणे बघत होता. खिडकीकडच्या मशीननं काम आधी संपवलं. शेजारचं अजून दळत होतं.

बापूसाहेबांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हणतेत मोठी कंपनी. लय भारी. हेच घ्या."

बाईंनी खिडकीकडच्या मशीनवरचा कागद ओढला. नाव धाकटीचं होतं. विक्रेता बॅगेत काहीतरी शोधू लागला. मला वाटलं, बाईंनी बाजी मारली. मी बापूसाहेबांना ओळखत नव्हतो हेच खरं.

ते म्हणाले, "एवढं स्वस्त आन एवढं जलद? मंग ह्यात नक्की काहीतरी चोरीचं हाय, बाई. संस्थेच्या इज्जतीचा सवाल हाय."

समितीनं एकमतानं मान डोलावली. बंद घड्याळवाल्यानं सगळ्यात जोरात. मोठ्या कंपनीची दहा मशीनं आली, त्यांना काचेचं दार असलेली खोली मिळाली, बाहेर चपला काढायचा नियम झाला आणि मुलींची पाळी पंधरा दिवसांनी येऊ लागली. तीही वीज असली तर.

बाईंनी त्या वर्षअखेरीला स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांचे यजमान पूर्णेला रेल्वेत होते, रोज गाडीनं ये-जा करायचे. ते बाईंना म्हणाले, "काय करायचं ते कर, पण माझी बैठकीची खोली तेवढी सोड." बाईंनी पहिली तीच घेतली. धाकटीची चार मशीनं मांडली आणि फक्त मुलींसाठी क्लास काढला. यजमान स्वयंपाकघरात पेपर वाचू लागले. त्यांची तक्रार नव्हती, फक्त आलेल्या पाहुण्यांना कुठं बसवावं हे त्यांना शेवटपर्यंत सुचलं नाही.

पूर्णेहून रेल्वेनं मुली यायच्या, झरीहून एसटीनं. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमध्ये गाड्या थांबल्या की गावातल्या तेवढ्या यायच्या. आणि एके दिवशी बापूसाहेब स्वतः दारात उभे राहिले. त्यांची धाकटी मुलगी आमच्याच महाविद्यालयात होती आणि काचेच्या खोलीत तिची पाळी येतच नव्हती. मी तेव्हा तिथं होतो. बापूसाहेब उभ्याउभ्याच म्हणाले, "पोरीला तुमच्याकडं पाठवावं म्हणतो."

"पाठवा की," बाई म्हणाल्या. "चोरीच्या मशीनवर बसली तर तुमच्या इज्जतीला चालंल का?"

बापूसाहेब खाली बघत म्हणाले, "आता जाऊ द्या ते, बाई." बाईंनी जाऊ दिलं नाही. पुढची दहा मिनिटं त्यांनी बापूसाहेबांना जातं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मुलीला मात्र दुसऱ्याच दिवशी बसवलं, आणि तिच्यावर बापाचा राग एकदाही काढला नाही.

बाईंची मशीनं निर्दोष होती असं मात्र कुणी समजू नये. परभणीच्या मे महिन्यात ती दुपारी अशी तापायची की मधेच थिजून बसायची. मी खवचटपणे म्हणालो, "बाई, तुमचं जातं अडकलं." त्या म्हणाल्या, "मग तुमची काचेतली दुपारी काय करायलीत? कुलपात बसलीत. बसल्याजागी कोण तापतंय?" तरी त्यांनी मुकाट्यानं क्लास पहाटेवर नेला आणि घरातला एकुलता एक कूलर मशीनांकडं वळवला. मुली घामानं निथळायच्या. कुणी कुरकुरली तर बाई म्हणायच्या, "तुला घाम येतोय, तुझं भागतंय. त्याला घाम येत न्हाई."

मग मोठ्या कंपनीनं नवा प्रोसेसर काढला. आधीच्यांना नुसते आकडे असायचे, याला नावच दिलेलं. धाकटीकडं त्याला उत्तर नव्हतं. गावातल्या एका चकचकीत इन्स्टिट्यूटनं तो आणून बाहेर फलक लावला, आणि बाईंच्या काही मुली तिकडं गेल्या. मला गप्प बसवेना. मी म्हणालो, "बाई, मान्य करा. तुमची धाकटी हरली."

चष्मा निघाला. "जिंकंल असं मी कवा म्हणले? त्या टायवाल्याला विचारा, त्याच्या जुन्या मालाचा भाव का उतरला. त्या इन्स्टिट्यूटला विचारा, फी का कमी केली आन मुलींची बॅच का काढली. धाकटं बाजारात उभं हाय म्हणून मोठं नीट वागायलंय. ते पडलं की बघा मग. तुमाला कुस्ती बघायची सवय, सर. एक चीत झाला की घरी जायलाव."

इतकी वर्षं मी कोण जिंकेल एवढंच विचारत आलो होतो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाई आजारी पडल्या. पोटात गाठ होती, आणि हैदराबादच्या डॉक्टरांनी फार काही हाती राहिलं नसल्याचं सांगितलं. क्लास त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी चालवू लागल्या. बाई आतल्या खोलीत पडल्यापडल्या ओरडून चुका सांगायच्या. एका दुपारी हैदराबादच्या इंग्रजी पेपरात बातमी आली की धाकटी कंपनी कोर्टात जिंकली, आता तिला तो माल बनवायला आडकाठी नाही. मी पेपर घेऊन धावत गेलो. वाटलं, यांना आनंद होईल.

बाईंनी बातमी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "म्हंजे आता हे बी माजतील. तिसरं कुणी निघालंय का बघा."

"तिसरं?"

"आसंल की. नांदेडला फोन लावा. आसंल तर एक मागवा."

मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून फोन लावला. व्यापारी म्हणाला, तिसरी एक कंपनी आहे, पण तिचा माल कुणी विचारत नाही. मी एक मशीन मागवलं.

ते आलं तेव्हा बाई गेल्या होत्या. तेरावा झालेला होता. यजमानांनी खोकं बैठकीत आणून ठेवलं, मी ते उघडलं, तारा जोडल्या आणि बटण दाबलं. मुली भोवती उभ्या होत्या. मशीन फारच हळू चाललं. एक मुलगी पुढं झाली, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि काम करू लागली.