वेलदोड्याचे बन आणि दीसाचं रक्त

दीसा कुणाच्या बापाला घाबरत नाही. उत्तरेकडच्या थंड उमेओ गावातल्या शाळेत शेकडो पोरांचा स्वयंपाक रांधणारी बाई ती, घाबरून कसं चालेल? घाबरते ती फक्त उन्हाला. बारा वर्षं झाली, तिला ल्युपस आहे. अंगातले पहारेकरी शत्रू सोडून घरच्यांनाच बडवत सुटतात असला हा आजार, आणि ऊन लागलं की त्यांना आणखी चेव येतो. एप्रिलमध्ये अख्खं गाव भिंतींना पाठ लावून, डोळे मिटून सूर्याकडे तोंड करून बसतं, तेव्हा दीसा रुंद टोपी घालून सावलीसावलीनं चालते.

"आली बघा छत्री!" शेजारी ओरडतात.

"बसा वाळत, सुक्या माशांनो!" ती म्हणते.

यंदा मात्र तिला मूल हवं होतं. चौतिशी उलटली होती. डॉक्टर मालिननं अट घातली होती, सहा महिने आजार शांत हवा, नाहीतर दीसाची मूत्रपिंडं आणि बाळ दोन्ही धोक्यात. नुसते सांधे दुखत नाहीत एवढ्यावर भागणार नव्हतं. मालिन रक्तातलं इंटरफेरॉन आणि त्याच्या जोडीची प्रथिनं मोजून बघत होती. पहारेकरी एकमेकांना हाका मारतात, त्या हाका म्हणजे ही प्रथिनं. मारामारी दिसायच्या आधी आरडाओरडा ऐकू येतो, तसंच हे. पाच महिने सगळं शांत होतं. शेवटच्या तपासणीत मात्र हाकाच हाका निघाल्या.

"दीसा, खरं सांग. उन्हात बसलीस ना?" मालिननं विचारलं.

"नाही."

"थोडंसं?"

"अगं, नाही म्हणजे नाही!"

घरी नवरा तुरेनं आणखी तेल ओतलं. "रागावू नकोस, पण ऊन इतकं छान होतं. कुणालाही मोह होईल."

हे मात्र झोंबलं. परका बोलला असता तर तिनं त्याची चांगली कणीक तिंबली असती. पण हा तर घरचाच माणूस. दीसा न्हाणीघरात जाऊन भरपूर रडली. मग तोंड धुतलं आणि डोकं चालवलं.

तपासणीला रक्त दिलं त्या दिवशी तिचा वाढदिवस होता. इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच खाऊ न्यायचा. तिनं ताटभर वेलदोड्याचे बन, म्हणजे गोड पाव, भाजून नेले होते. बेरित नर्सनं रक्त काढलं आणि तेवढ्यात कॉफीची वेळ झाली. कॉफीला बोलावल्यावर न जाणं म्हणजे घोर पाप. नळ्या लगेच पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात घालायच्या, त्याऐवजी बेरितनं त्या खिडकीत ठेवल्या आणि सगळ्याजणी बसल्या. कॉफीवरून पहिल्यांदा उठायचं कुणी? बेरित एकदा उठलीही होती, पण दीसानंच तिचा हात धरला होता. "अगं बस गं, अजून एक घे!"

आणि खिडकी होती दक्षिणेची, भर उन्हाची.

दीसानं तडक मालिनला फोन लावला. "उन्हात मी नव्हते बसले, माझ्या नळ्या बसल्या होत्या!"

मालिन आधी हसली, मग तिच्या लक्षात आलं. रक्त नळीत ताटकळलं की पेशी तिथेही प्रथिनं सोडत राहतात. तिनं आकडे पुन्हा पाहिले. ल्युपसशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशी प्रथिनंही वर गेली होती. "चूक आमची आहे. पुन्हा ये," ती म्हणाली.

दीसा पुन्हा गेली. बेरितचे कान लाल झाले होते. "बन आणलेस का गं?" तिनं हळूच विचारलं.

"आणलेत. आधी नळ्या यंत्रात घाल."

यंत्र घरघरू लागेपर्यंत दीसानं मांडीवरच्या ताटावरचं फडकं उचललं नाही.

निकाल आला तेव्हा ती शाळेत बटाटे सोलत होती. "शांत आहे. माझ्याकडून होकार," मालिन फोनवर म्हणाली. दीसा बटाट्यांच्या पोत्यावरच बसली. डोळ्यांना धार लागली, आणि कांदा तर आसपास कुठेच नव्हता.

संध्याकाळी ती घरी आली तर तुरे अंगणातल्या बाकावर लाकडी छत ठोकत होता. तोंडातले खिळे काढून म्हणाला, "चुकलं माझं. तुझं ऐकायला हवं होतं."

दीसानं छताखाली बसून दोन्ही हात फैलावले, मापं घेतली.

"दोघांपुरतंच केलंस की रे," ती म्हणाली. "वाढव."