कुलूपवाली मावशी सिनेमात का नव्हती

मीरा, ओम — हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. सांगणारही नव्हते. पण मीरा, परवा तू फोनवर म्हणालीस की पुस्तकांवरून काढलेल्या सिनेमांवर तुला शाळेत बोलायचंय, आणि त्यात सुलभाआजीनं लिहिलेल्या करडाच्या पुस्तकाचं उदाहरण देणार आहेस. ‘आजी, मी सांगणार, सिनेमावाल्यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचलंच नव्हतं. तूच म्हणतेस ना नेहमी?’ म्हणते खरी. इतकी वर्षं म्हणत आले. आता तेच तू माझ्या नावानं भर वर्गात म्हणणार — आणि ते खोटं आहे. म्हणून आज लिहायला बसले.

आवडत्या पुस्तकावर सिनेमा आला की मला संशयच येतो, हे तुम्हाला माहीत आहे. सुलभाच्या पुस्तकातलं करडू लंगडं, मळकट, अंगाला गोचिड्या असलेलं. पडद्यावरचं शाम्पूनं धुतल्यासारखं पांढरंशुभ्र. ते करडू सांभाळणारी पुस्तकातली सोनी ‘नाय गो’ म्हणते, सिनेमातली सोनी पुण्याच्या मुलीसारखी बोलते. आमचं किन्हवली गाव दाखवायला तानसाच्या तलावाकडे कॅमेरा लावला, म्हणे दिसायला छान. एक मात्र कधी बोलले नाही — सोनी करडाला दप्तरात घालून वर्गात बसते आणि ते हळूच ओरडतं, तेव्हा ती स्वतः खोकते, तो प्रसंग सिनेमात पुस्तकापेक्षा चांगला आहे. हे कबूल केलं असतं तर बाकीच्या तक्रारींचं वजन कमी झालं असतं, म्हणून गप्प राहिले. पण ही काही कबुली नव्हे. मी पुन्हा आडवाटेनं चालले आहे.

सुलभा आणि मी एकाच आळीत राहत आलो. ती प्राथमिक शाळेत शिकवायची, मी हायस्कुलात इंग्रजी. तिनं हे पुस्तक लिहिलं तेव्हा पहिली प्रत मला दिली. मी कौतुकानं वाचायला घेतलं. आणि अर्ध्यावर ती बाई आली — कुलूपवाली मावशी. कपाटाला कुलूप, कणगीला कुलूप, पाण्याच्या टाकीलासुद्धा कुलूप. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. एक दिवस तिची आंबोशीची बरणी दिसत नाही, तर ती सगळ्या आळीदेखत सोनीला चोर म्हणते. मग बरणी तिच्याच माळ्यावर सापडते आणि ती कोणाला काही सांगत नाही.

ती मी होते. कुलपं माझी, चिठ्ठ्या माझ्या. आणि आंबोशीसुद्धा माझीच. शेजारच्या एका मुलीला मी खरोखरच चोर म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. आणि बरणी खरोखरच माझ्या माळ्यावर निघाली होती. पण हे सुलभाला कसं कळलं? मी तर कोणाला सांगितलं नव्हतं. तिनं पाहिलं होतं? की नुसतं मनानंच रचलं? मी पुस्तक तिथेच मिटलं. तिला म्हटलं, ‘छान झालंय.’ त्यानंतर ती माझ्याकडे बघून हसली की मला वाटायचं, त्याच गोष्टीवर हसते आहे. मुलं रस्त्यात कुजबुजली तरी वाटायचं, मला कुलूपवाली म्हणताहेत.

पुढे सिनेमावाले आले. त्यांचा कथेचा कागद म्हणजे वर्णन सगळं इंग्रजीत, संवाद मराठी पण इंग्रजी अक्षरांत. सुलभानं दोन पानं चाळली आणि गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. ‘तूच वाच गो शालू. माझं डोकं दुखतंय ह्यानं. तुला पटलं तर मी सही करते.’

मी वाचला. त्यात मावशी नव्हती. तो दिग्दर्शक, पोरगेलासा, मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘मॅडम, ती म्हातारी आम्ही काढलीय. मुलं कंटाळतात. त्याऐवजी शेवटी जीपचा पाठलाग टाकलाय. पण ताईंना विचारून घ्या हं. त्यांची हरकत असेल तर ठेवू.’

ठेवू म्हणाला होता. हे नीट वाचा, मुलांनो.

सुलभानं मला एकच प्रश्न विचारला. बाकी पाठलाग, गाणी, कशाचंच काही नाही. ‘माझी मावशी हाय ना गो त्यात?’

मी म्हटलं, ‘आहे.’

का म्हटलं? काही क्षण मला हलकं वाटलं होतं, एवढं आठवतं. गावोगाव तो सिनेमा दिसेल आणि त्यात मी नसेन. तिनं सही केली, वर मला म्हणाली, ‘तू हायस म्हणून बरं हाय बाई.’

शहापूरला सिनेमा लागला तेव्हा आम्ही दोघी शेजारी बसलो होतो. तिनं नवी साडी नेसली होती. मध्यंतरात म्हणाली, ‘अजून आली नाय गो मावशी.’ मी म्हटलं, ‘येईल.’ मग जीप आली, पाठलाग झाला, दिवे लागले. ती उठलीच नाही. ‘कागदावर होती ना गो?’ तिनं विचारलं. मी म्हटलं, ‘होती. नंतर काढली असेल. ही माणसं अशीच असतात.’ हे दुसरं खोटं मला पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

बाहेर स्टँडवर कोणी तरी तिला म्हणालं, ‘बाई, पिच्चर झ्याक हाय!’ ती म्हणाली, ‘तो माझा नाय. माझा घरी हाय.’ किन्हवलीच्या एसटीत तिनं खिडकीकडे तोंड केलं ते उतरेपर्यंत.

त्या आठवड्यात ओम, सिनेमा पाहून तू फोनवर रडत होतास, आठवतं? आईनं तुम्हाला पुस्तक वाचून दाखवलं होतं. तू म्हणालास, ‘मावशीनंच तर करडाला वाचवलं ना आजी? मग ती कुठे गेली?’ मी ‘हो ना’ म्हटलं. मला काही कळलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ते पुस्तक पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं.

तुम्हाला तो शेवट पाठ आहे. खाटीक करडाला शोधत घरोघर फिरतो. कुलूपवाली मावशी करडू स्वतःच्या कोठीत घालते, कुलूप लावते आणि उंबऱ्यावर बसते. आळीत एकच कुलूप असं आहे की ते उघड म्हणायची कोणाची छाती नाही. मग ती सोनीला हाक मारते आणि सगळ्यांसमोर सांगते, बरणी माझ्याच माळ्यावर होती.

मी असं कधी केलं नव्हतं. सुलभानं मला माझ्याहून बरी करून लिहिलं होतं. आणि मी ती थट्टा समजून त्या मावशीलाच खोडून टाकू दिलं — न वाचता. पुस्तक शेवटपर्यंत वाचलं नव्हतं ते सिनेमावाल्यांनी नव्हे.

पुढे त्या दिग्दर्शकानं दुसऱ्या पुस्तकासाठी तिला फोन केले. तिनं उचलले नाहीत. ‘फसवणारी माणसं गो,’ म्हणाली. मी ‘बरोबर आहे तुझं’ म्हणाले. तिनं पुढची गोष्ट अर्धी लिहून ठेवली होती, ती तशीच राहिली. ज्या मुलीला मी चोर म्हटलं, ती लग्न होऊन मुरबाडला गेली. माहेरी आली की माझ्या दारावरून जाते. मी तिलाही अजून काही सांगितलेलं नाही.

सुलभाला सगळं माहीत आहे का? ज्या बाईला माझ्या माळ्यावरची बरणी कळली, तिला हे कळलं नसेल? कधी ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघते, आणि मी चहा टाकायला उठते. विचारायचं धाडस मला झालेलं नाही. संशय घेणं मला नेहमीच विचारण्यापेक्षा सोपं वाटत आलं आहे.

मीरा, तुझ्या भाषणात काय म्हणायचं ते तू ठरव. सिनेमा वाईट आहे, हे अजूनही खरंच आहे. तो वाईट कोणामुळे झाला, तेवढं आता तुला माहीत आहे.

सुलभा अजून दुपारी येते. इंग्रजीतला कुठलाही कागद आला की माझ्यापुढे ठेवते आणि मी बोट ठेवीन तिथे सही करते. काय लिहिलंय, ते विचारत नाही.