आरशाला लटकलेलं हेल्मेट

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर नुसते वाचले, तेही नाक मुरडत. चकवा, करणी, झाडाखालची बाई... आपल्याला कधी पटलं नाही. धंदाच इन्शुरन्सचा. कागदावर नाही ते झालंच नाही, असं मानणारा मी माणूस. तरी लिहितोय, कारण वर्ष उलटलं तरी उत्तर सापडत नाही आणि जिला सांगायला हवं, तिला सांगता येत नाही.

आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यात, जैनथ मंडलात. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. माझा धाकटा भाऊ गजू गावात कृषी केंद्र चालवायचा. बियाणं-औषधांच्या कंपन्या जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणतात. गजूचा नंबर थायलंडला लागला, तोही नेमका दसऱ्यात.

पॉलिसी मीच काढून दिली. देताना बजावलं — तिथं भाड्याची गाडी घेणार असशील तर आधी इंटरनॅशनल परमिट काढ, आणि हेल्मेट डोक्यावर पाहिजे. नाहीतर हा कागद चिवडा बांधायच्या लायकीचा.

"दादा, तू काऊन भेवाडून राह्यला मले? रोज आदिलाबादले गाडीवरच जातो ना मी?"

"आन तवा हेल्मेट कुठं असते तुहं?"

गजू नुसता हसला. हेल्मेट असायचं आरशाला लटकलेलं. आमच्याकडे सगळ्यांचंच तिथं असतं. पुढे पोलीस दिसला की डोक्यावर, पोलीस मागे पडला की पुन्हा आरशाला. परमिट मात्र त्याने काढलं, माझ्या कटकटीला कंटाळून.

दसऱ्याला आमच्याकडे गाड्यांची पूजा असते. ट्रॅक्टरपासून सायकलीपर्यंत सगळ्यांवर आई तीन बोटं ओढते, आधी हळदीची, त्यावर कुंकवाची. हेल्मेटवरसुद्धा. तिचं मधलं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात अर्धं गेलंय, त्यामुळे मधली रेघ कायम आखूड. लहानपणी आम्ही दोघं त्यावरून तिला चिडवायचो.

त्या सकाळी गजूची गाडी अंगणात उभी होती. आईने मला व्हिडिओ कॉल लावायला लावला. गजू तिकडे स्कूटर भाड्याने देणाऱ्या दुकानासमोर उभा, मागे त्याचे सोबती दात काढतायत.

"पूजा केली का रे त्या गाडीची?" आईने विचारलं.

"भाड्याची हाय माय. इथं कोण करते पूजा?"

"मंग मी इथूनच करून देतो."

आईने गजूचं घरचं हेल्मेट मांडीवर घेतलं, फोनकडे बघत त्यावर तीन बोटं ओढली. "हे तुह्या डोक्यावरचं हाय समज. घालजो बाप्पा."

"घालतो, माय."

दुपारी त्याच्या सोबत्याचा फोन आला. श्रीनिवास, गुडीहत्नूरचा दुकानदार. उतारावर वाळूवरून स्कूटर घसरली होती. गजूचं डोकं कठड्यावर आपटलं... हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं.

क्लेम नामंजूर झाला. ज्या भाषेतली पत्रं मी आजवर दुसऱ्यांना समजावून सांगत आलो, त्याच भाषेतलं पत्र माझ्या घरी आलं. 'अपघातसमयी हेल्मेट परिधान केलेले नव्हते.' सोबत पुरावा म्हणून फोटो. स्कूटर रस्त्याच्या कडेला आडवी, आरशाला पट्ट्याने अडकलेलं पांढरं हेल्मेट, आणि त्याभोवती कोणीतरी काढलेला लाल गोल.

त्या गोलात मला तीन बोटं दिसली.

फोटो मोठा केला. खाली हळद, वर कुंकू. मधली रेघ आखूड.

रक्त असेल म्हणाल. मीही म्हटलं. पण हेल्मेट डोक्यावर नव्हतंच, आणि रक्ताखाली हळद कुठून येणार? ओरखड्याचं खापर गिऱ्हाइकावर फोडता यावं म्हणून दुकानवाल्याने गाडी देताना चारी बाजूंनी फोटो काढले होते. तेही मागवले. त्यात तेच हेल्मेट पांढरंफेक, एक डागही नाही. श्रीनिवासला गाठून खोदून खोदून विचारलं.

"अन्ना, दुकानातून निघाल्यावर आमी कुठं थांबलोच नाई. कुकू कोनाच्या खिशात राहते तिथं?"

मला तर गजूचाच संताप येतो. मेलेल्या भावावर रागावू नये म्हणतात, पण येतो. आईने एवढ्या लांबून पोचवलं आणि याला ते हातभर उचलून डोक्यावर ठेवता आलं नाही!

गजूला घरी आणलं त्या दिवशी आईने एकच विचारलं होतं, "हेल्मेट होतं ना रे डोक्यावर?" मी होतं म्हणालो. त्या घडीला दुसरं काय बोलणार?

मला वाटलं, एवढ्याने तिला धीर येईल. झालं उलटंच. हेल्मेट घालूनही पोरगं गेलं, म्हणजे आपलीच पूजा खोटी ठरली, असं तिने मनाशी धरलं. यंदा दसऱ्याला गाड्या धुऊन अंगणात लावल्या, तर ताट घेऊन आलेली आई ट्रॅक्टरपाशीच थबकली. मग ताट माझ्या बायकोच्या हातात दिलं.

"तूच लाव बाई. माह्या हाताले येश नाई."

माझा हात खिशातल्या फोनवर गेला. फोटो त्यात होता. दाखवला असता तर तिला कळलं असतं की तिचं कुंकू पोचलं होतं. पण हेल्मेट कुठं होतं, तेही त्याच फोटोत दिसतं. घालतो म्हणालेल्या पोराने ते घातलंच नव्हतं, हे तिला कोणत्या तोंडाने सांगू? फोन खिशातच राहिला.

ते कुंकू तिथं कसं गेलं, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला कळत असेल तर सांगा, मी तर हात टेकले.

यंदा माझ्या हेल्मेटवर बायकोने बोटं ओढली. तिन्ही रेघा सारख्या आल्या.